मुलांची ऑनलाइन आभासी जगे : पालकांसाठी ओळख

मूल स्वतःचा अवतार (पडद्यावरचे आपले रूप) घेऊन जिथे वावरते, बांधकाम करते आणि त्याच वेळी हजर असलेल्या इतरांशी बोलते, अशी इंटरनेटवरील सामायिक ठिकाणे. मूल बाहेर पडले तरी इतरांचा खेळ चालूच राहतो. ‘हॅबो’ (२०००) आणि ‘क्लब पेंग्विन’ (२००५–२०१७) ही आरंभीची उदाहरणे. पुढे ‘रोब्लॉक्स’ (२००६) व ‘माइनक्राफ्ट’ (पूर्ण आवृत्ती २०११) यांचा प्रसार झाला.

नुसत्या नावावरून पालकांना फारसे काही कळत नाही. रोब्लॉक्स हा एक खेळ नसून वापरकर्त्यांनीच बनवलेल्या असंख्य खेळांचा मंच आहे. त्यातले काही लहानग्यांसाठी, काही मुळीच नाहीत. माइनक्राफ्टमध्ये मूल एकटे, मोजक्या ओळखीच्यांसोबत किंवा अनोळखी लोकांनी भरलेल्या सार्वजनिक सर्व्हरवरही (कोणालाही जोडता येणाऱ्या सामायिक खेळजागेत) असू शकते. म्हणून ‘काय खेळतोस?’ यापेक्षा ‘तिथे आणखी कोण असतं?’ हा प्रश्न उपयोगी. त्याहून चांगला उपाय म्हणजे पालकांनी स्वतःचे खाते काढून मुलाला वाटाड्या करणे.

सेटिंग तपासताना आधी खात्यावरची जन्मतारीख पाहावी. अमेरिकेतील १९९८च्या ‘कोपा’ या मुलांच्या ऑनलाइन खासगीपणाच्या कायद्यामुळे १३ वर्षांखालील मुलांची माहिती गोळा करण्यास पालकांची संमती लागते. बऱ्याच मंचांची वयोमर्यादा तिथूनच आली. मुले सर्रास वय वाढवून सांगतात आणि मग लहानांसाठीचे निर्बंध त्या खात्याला लागूच होत नाहीत. तारीख खरी असल्याची खात्री झाली की पालकांचे खाते मुलाच्या खात्याशी जोडावे, चॅट बंद किंवा ओळखीच्यांपुरते ठेवावे आणि मित्रयादीतले प्रत्येक नाव कोणाचे, हे मुलासोबत बसून पाहावे.

चॅटची चाळणी शिव्या आणि फोन नंबर अडवते, गोड बोलणे अडवत नाही. नंबर अक्षरांत लिहून ती चुकवताही येते. खरी धोक्याची खूण म्हणजे ‘दुसऱ्या अ‍ॅपवर ये’, ‘घरी सांगू नकोस’ असा आग्रह किंवा कारण नसताना मिळालेली भेट.

पैशांचा व्यवहार रोबक्स (रोब्लॉक्समध्ये), व्ही-बक्स (‘फोर्टनाइट’ या खेळात) अशा आभासी नाण्यांत होतो, त्यामुळे वस्तूची खरी किंमत डोळ्यांआड जाते. गठ्ठ्याने घेतलेल्या नाण्यांतली थोडी उरतात आणि पुढच्या खरेदीचा मोह होतो. ‘फोर्टनाइट’ बनवणाऱ्या एपिक गेम्सने नकळत झालेल्या खरेदीच्या प्रकरणात अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेशी तडजोड करून २०२२ मध्ये परताव्यासाठी २४.५ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. उपकरणात कार्ड साठवू नये. प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असे पाहावे. ‘फुकट रोबक्स’ देऊ करणारी साइट बहुधा पासवर्डवर डोळा ठेवून असते. द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डखेरीज आणखी एक कोड मागणारी सोय) सुरू ठेवावी.

वेळेवरून होणारी भांडणे बरीचशी टाळता येतात. ऑनलाइन फेरी मधेच थांबवता येत नाही. उठून गेल्यास जोडीदारांचाही डाव मोडतो. ‘दहा मिनिटांत बंद’ यापेक्षा ‘ही फेरी शेवटची’ असे ठरवणे सोपे जाते, मात्र नवी फेरी सुरू होण्याआधी सांगावे लागते.

काही बिघडल्यास क्रम महत्त्वाचा : आधी स्क्रीनशॉट, मग मंचाकडे तक्रार, शेवटी ब्लॉक. आधीच ब्लॉक केल्यास संदेश दिसेनासे होऊ शकतात. धमकी किंवा छायाचित्रांची मागणी असेल तर पोलिसांना कळवावे. शिक्षा म्हणून लगेच फोन काढून घेणे ही नेहमीची चूक. पुढच्या वेळी मूल सांगत नाही.