बँडची गाडी, कॅसेट आणि ‘गीत : पारंपरिक’

खान्देशातल्या अहिराणी बोलीतलं गाणं यूट्यूबवर कोटीच्या घरात पाहिलं गेलं की ‘एका रात्रीत स्टार’ अशी बातमी येते. गायकाचं गाव, वय, शिक्षण सगळं छापून येतं. त्याआधी त्याने घसा फोडून काढलेल्या दहा-बारा लगीनसराया छापून येत नाहीत. स्वतः गाणं जोडायचं आणि स्वतःच म्हणायचं ही खान्देशातली जुनी वाट आहे. मुंबई-पुण्याकडे नवख्या गायकाला छोटे हॉल, कॉलेजच्या मैफली, गाणं चालणारी हॉटेलं मिळतात. धुळे, जळगाव, नंदुरबारच्या पोराला पहिला माईक मिळतो तो लग्नाच्या बँडच्या गाडीवर.

ही शाळा कडक असते. वरात घरून निघून मारुतीच्या पारापर्यंत पोचायला दोन-तीन तास घेते आणि नाचणारे थंडावले तर दोष गायकाचा. फर्माईश येईल ते म्हणावं लागतं : हिंदी, गरबा, सातपुड्यातली आदिवासी रोडाली गाणी, देवीचं, मामाच्या गावाचं नाव घालून केलेलं. एखादी ओळ लोकांनी उचलली नाही, तर पुढच्या चौकापर्यंत ती बदललेली असते. गाणं लिहून मग म्हटलं जातं ही कल्पना इथे उलटी आहे. ते आधी म्हटलं जातं, वीस-पंचवीस वरातींत घासून गुळगुळीत होतं, आणि कागदावर आलंच तर सगळ्यात शेवटी येतं. या एका गोष्टीने गाणं कोणाचं, याचा पुढचा सगळा घोळ केला.

कापसाला भाव असेल त्या वर्षी लग्नांच्या सुपाऱ्या भरपूर. नसेल तर इसार देणारेही हात आखडतात, आणि पावसाळ्यात हाच गायक निंदणी-फवारणीला जातो.

त्याच्याही मागे जायचं तर आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या झोक्यावरची गाणी, श्रावणात बसणाऱ्या कानबाई देवीची गाणी, वहीगायन ही लोकगायनाची परंपरा, सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत उतरणारे तमाशाचे फड. एक मात्र नोंदवायला हवं : तमाशाच्या फडात गाणं रचणाऱ्याला ‘कवी’ म्हणून मान होता, लावणीच्या शेवटच्या कडव्यात त्याचं नाव गुंफलेलं असे. बँडच्या गाडीवर ती सोय उरली नाही.

खरा बदल कॅसेटने केला. १९८०च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली, टेपरेकॉर्डर काळीपिवळीत आणि सालदाराच्या खोपटातही पोचला. चैत्रात सप्तशृंगगडाला पायी निघणाऱ्या खान्देशी यात्रेकरूंच्या पुढे गाण्याची गाडी चालते. तिच्यासाठी देवीच्या गाण्यांच्या कॅसेटी निघू लागल्या. पाठोपाठ लग्नाच्या, विनोदी, नवरा-बायकोच्या भांडणाच्या निघाल्या. विक्रीचं मोठं गिऱ्हाईक खान्देशाच्या बाहेर होतं. सुरतेत उधना, लिंबायत या भागांत कापडाच्या धंद्यात गेलेला खान्देशी माणूस गावाची बोली विकत घेत होता. भुसावळ-सुरत मार्गावरून कामगार जसे गेले, तशाच कॅसेटीही गेल्या. गावात ‘बँडवाला’ म्हणून ओळखला जाणारा पोरगा सुरतेत ‘कलाकार’ झाला, आणि तिथला कार्यक्रम गाजल्यावरच गावाने त्याच्याकडे मान वळवून पाहिलं. पुढच्या यशाच्या कहाण्यांत सुरतेचा हा वाटा फार कमी सांगितला जातो.

याच काळात एक शब्द रुजला. कॅसेटच्या वेष्टनावर गायक, संगीत आणि गीत अशा तीन जागा असत. पहिल्या दोन भरलेल्या. तिसरीपुढे पुष्कळदा एकच शब्द : पारंपरिक.

तो तिथे कसा आला यावर आजही जुंपते. कॅसेट काढणाऱ्यांचं म्हणणं असं की गायकालाच विचारलं होतं, तोच म्हणाला ‘आमच्याकडे असंच म्हणतात’. गाणाऱ्यांचं म्हणणं असं की एकरकमी पैसे हातावर ठेवून गाणी भरून घेतली. कवीचं नाव घातलं तर कवीची सही लागते, परंपरेची सही कोण मागतो? तथ्य दोन्हींत आहे, पण सारखं नाही. कसलेला व्यापारी आणि पहिल्यांदा स्टुडिओ पाहणारा विशीतला पोरगा एकाच तागडीत बसत नाहीत.

कायद्याची बाजू बरीच स्पष्ट आहे. १९५७चा कॉपीराइट कायदा गाण्याचे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण या तीन वेगळ्या वस्तू मानतो. चाल आजीच्या ओवीची असली म्हणून तिच्यावर नव्याने बसवलेले शब्द आजीचे होत नाहीत. शब्दांवरचा हक्क रचणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. हक्क विकून टाकला तरी ‘हे माझं आहे’ म्हणण्याचा अधिकार कलम ५७ने त्याच्याकडेच ठेवला आहे. २०१२च्या दुरुस्तीने तर ध्वनिमुद्रणाच्या वापरातल्या रॉयल्टीचा वाटा सोडून द्यायला गीतकाराला सांगताच येणार नाही अशी तरतूद केली. अडचण पुराव्याची. वरातीत जन्मलेल्या गाण्याला वही नाही, तारीख नाही. साक्षीदार म्हणून दोनशे नाचणारे असतील, पण त्यांतल्या कोणाला विचारायचं?

कागदाने काय फरक पडतो, हे पाहायला लांब जायला नको. आसोद्याची माहेरवाशीण बहिणाबाई चौधरी, लिहिता-वाचता न येणारी, जळगावात शेतात आणि जात्यावर गाणी करायची. मुलाने व आप्ताने ती उतरवून ठेवली, १९५१मध्ये ती गेली आणि १९५२मध्ये पुस्तक आलं. आज विद्यापीठाला तिचं नाव आहे. (तिची बोली अहिराणी की लेवा गणबोली, हा वाद इथे नको, तो सुरू झाला की जेवणं थंड होतात.) ती गाणी कोणी उतरवली नसती तर चांगली चांगली कडवी बायकांच्या तोंडी राहिली असती आणि तीस-चाळीस वर्षांनी एखाद्या कॅसेटवर आली असती, ‘गीत : पारंपरिक’ म्हणून.

२०००नंतर व्हीसीडी आली. मालेगावकडे घरगुती कॅमेऱ्यावर विनोदी चित्रफिती निघू लागल्या होत्याच, गाण्यालाही चित्र लागलं. गायकाला नाचता यावं लागलं, शेतात मोटारसायकल उभी करून शूटिंग व्हायला लागलं. मग तालुक्याच्या गावी मोबाइलच्या दुकानात दहा-वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून मिळायला लागलं. त्यात तर गायकाचंही नाव जायचं. फाइलला नाव दुकानदार देईल ते. पैसा कोणालाच मिळाला नाही, पण गाणी प्रत्येक ट्रॅक्टरवर पोचली.

यूट्यूबने हिशेब फिरवला. चॅनेल ज्याचा, पैसा त्याचा. गायकांनी स्वतःचे चॅनेल काढले, गीतकाराचं नाव व्हिडिओच्या सुरुवातीलाच ठळक यायला लागलं. जून २०२०मध्ये टिकटॉक बंद झालं, पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामचे रील आले, आणि पंधरा सेकंदांच्या तुकड्यावर अहिराणी न कळणारेही नाचू लागले. केसांच्या बदल्यात फुगे देणाऱ्या फेरीवाल्याचं गाणं महाराष्ट्रभर वाजलं ते याच काळात. धुळ्या-जळगावच्या पोरांना स्टुडिओवाले आता आधी फोन करतात, हे बरंच झालं.

‘पारंपरिक’चा वाद मात्र संपण्याऐवजी उलटा झाला. पूर्वी एकाचं गाणं सगळ्यांचं म्हणून छापलं जायचं. आता सगळ्यांचं गाणं एकाचं म्हणून चढवलं जातं. कानबाईच्या गाण्याला दोन कडवी जोडायची, वर कीबोर्ड वाजवायचा, पूर्ण गाणं आपल्या नावावर नोंदवायचं. मग शेजारच्या गावातल्या बायकांनी कानबाईच्या रोटांच्या दिवशी म्हटलेलं तेच गाणं कोणी टाकलं की हक्काचा दावा येऊन बसतो. असे दावे करणाऱ्यांत पूर्वी नागवले गेलेले काही गायकही आहेत. त्यांचा राग समजतो, पण कानबाई काही त्यांनी रचलेली नाही.

वरात या भांडणाबाहेर आहे. लग्नाच्या मिरवणुकीत वाजवलेलं गाणं कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२प्रमाणे हक्कभंग ठरत नाही, म्हणून खान्देशातल्या सर्वांत मोठ्या रंगमंचावरून गीतकाराला कायद्याने एक पैसा येत नाही. बँडमधून वर आलेले त्याची फारशी तक्रार करत नाहीत. लगीनसराईत आपलं गाणं किती चौकांत वाजलं, यावरच त्यांचा पुढच्या वर्षीच्या सुपारीचा आकडा ठरतो.