बीपीच्या एका गोळीत दोन औषधं असतात तेव्हा

आमच्या मेडिकलच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

रक्तदाबासाठी हल्ली बऱ्याच जणांना डॉक्टर कॉम्बिनेशनची गोळी लिहून देतात. गोळी एकच, पण तिच्यात दोन, कधी तीन औषधं. हे पत्रक काढण्याचं मुख्य कारण म्हणजे आधीच्या सुट्या गोळ्या आणि ही नवी गोळी, दोन्ही चालू ठेवणारे लोक आम्हाला काउंटरवर वारंवार भेटतात. घरात अ‍ॅम्लोडिपिन ५ ची अर्धी स्ट्रिप उरलेली असते. नव्या गोळीचं नाव वेगळं, रंग वेगळा, म्हणजे औषधही वेगळं असणार असं वाटतं. ती गोळी टेल्मिसार्टन ४० आणि अ‍ॅम्लोडिपिन ५ ची असेल, तर अ‍ॅम्लोडिपिन दुप्पट पोटात जातं. मग घोटे सुजतात, चक्कर येते, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते.

म्हणून स्ट्रिपवरचं कंपनीचं ठळक नाव सोडा, त्याखालची बारीक अक्षरं वाचा किंवा आमच्याकडून वाचून घ्या. नावापुढच्या अक्षरांवरूनही अंदाज येतो: एएम म्हणजे बहुधा अ‍ॅम्लोडिपिन, एच म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, सीटी म्हणजे क्लोरथॅलिडोन. पण नुसत्या अक्षरांवर विसंबू नका. नवी चिठ्ठी मिळाली की डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: "जुन्यातली कोणती बंद करायची?"

दोन औषधं एकत्र का, तर त्यांची कामं वेगळी आहेत. अ‍ॅम्लोडिपिन रक्तवाहिन्या सैल करतं. टेल्मिसार्टन त्या आवळणाऱ्या संप्रेरकाला अडवतं. हायड्रोक्लोरोथायझाइड आणि क्लोरथॅलिडोन लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढतात. एकाच औषधाचा डोस दुप्पट करण्यापेक्षा दोन औषधं कमी डोसात दिली तर दाब जास्त उतरतो आणि त्रासही कमी होतो. अ‍ॅम्लोडिपिनमुळे येणारी पायाची सूज टेल्मिसार्टनसोबत कमी असते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये अशा जोड्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतल्या. तेव्हा "दोन औषधं म्हणजे आजार बळावला" असं मनात आणू नका.

गोळी ठेवण्याचंही सांगायला हवं. टेल्मिसार्टन हवेतला ओलावा पटकन ओढतं. आठवड्याच्या कप्प्यांच्या डबीत गोळ्या आधीच सोलून ठेवल्या, तर पावसाळ्यात त्या मऊ पडतात. गोळी घ्यायच्या वेळीच स्ट्रिपमधून काढा. डबी वापरायचीच असेल, तर स्ट्रिपचे तुकडे कापून ठेवा, पण नाव आणि एक्सपायरी असलेला भाग टाकू नका. आमच्याकडून सुट्या गोळ्या घेताना हा भाग मागून घ्या. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय गोळी अर्धी करू नका. काही गोळ्या दोन थरांच्या असतात, काही हळूहळू विरघळणाऱ्या.

आता सगळ्यांत कळकळीची गोष्ट. गुडघे, कंबर दुखते म्हणून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी मागितली जाते. ती दाब वाढवते. त्यातून बीपीच्या गोळीत टेल्मिसार्टन आणि लघवीचं औषध दोन्ही असतील, तर तिघांच्या माऱ्यानं मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, वयस्कर माणसांत जास्त. अशी गोळी मागताना बीपीचं औषध चालू असल्याचं सांगा. आम्ही नको म्हटलं तर राग मानू नका. सर्दीच्या काही गोळ्यांनीही दाब चढतो. "लो सोडियम" मिठात पोटॅशियम असतं आणि टेल्मिसार्टनही पोटॅशियम वाढवतं, त्यामुळे ते मीठ डॉक्टरांना विचारूनच वापरा. क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियमची तपासणी सांगितली असेल तर टाळू नका.

टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल ही औषधं गरोदरपणात बाळाला घातक आहेत. दिवस राहिल्याचं कळताच, किंवा मूल हवं असं ठरवतानाच, डॉक्टरांना भेटा.

जुलाब-उलट्या लागल्या, निर्जळी उपवास असेल किंवा वारीत उन्हातून चालायचं असेल, तर अंगातलं पाणी कमी होतं आणि लघवीच्या औषधानं दाब फार खाली जाऊ शकतो. काय करायचं ते आधीच विचारून ठेवा. साध्या उपवासाला मात्र गोळी चुकवू नका. एखादी विसरलात तर त्याच दिवशी आठवल्यावर घ्या. दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नका.

मशीनवर १२० बाय ८० दिसलं की काही जण गोळी सोडतात. तो आकडा गोळीमुळेच आला आहे. मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉल असलेली गोळी तर अचानक सोडणं हृदयाला धोक्याचं आहे. दाब मोजताना पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकवा, हात टेबलावर ठेवा, आणि सकाळचं मोजमाप गोळीच्या आधी घ्या.

छातीत दुखणं, धाप लागणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, किंवा गोळीनंतर ओठ-जीभ सुजणं, यांपैकी काहीही झालं तर दुकानात येऊ नका, १०८ ला फोन करा.

घरातल्या सगळ्या स्ट्रिप, आयुर्वेदिक औषधांसह, एका पिशवीत घालून दुकानात आणा. कोणतं औषध दोनदा होतंय ते आम्ही तुमच्यासमोर बघू आणि डॉक्टरांना दाखवायला कागदावर लिहून देऊ. यासाठी पैसे घेत नाही.