ड्रमसेट, चार माइक आणि कांडीवरचा धागा

वडगावात आमच्या घराच्या दोन्ही बाजूंना यंत्रमाग आहेत. सकाळी सुरू झालेली खटखट थांबते ती लाईट गेल्यावरच. भाच्याला त्याच्या बँडसाठी ड्रमसेट रेकॉर्ड करायचा होता. मग ठरलं असं, की लाईट गेली रे गेली की लॅपटॉप आणि उसना आणलेला आठ चॅनेलचा इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये घालणारा डबा) इन्व्हर्टरवर लावायचा आणि मिळेल तेवढ्या शांततेत वाजवून घ्यायचं. लाईट जायची वाट बघणारं बेळगावातलं आमचं एकच घर असावं.

भाच्यानं सात माइकांचा स्वस्तातला संच मागवला होता. किकला (पायानं वाजवायचा मोठा ड्रम) एक, स्नेअरला (तळाशी तारा लावलेला समोरचा ड्रम) एक, टॉमना (बाकीचे ड्रम) तीन, वर सिम्बलसाठी (धातूच्या थाळ्या) दोन. सातही लावून पहिला टेक ऐकला, तर स्नेअर भिजलेल्या पुठ्ठ्यावर काठी मारावी तसा. वैतागून तो एकेक माइक बंद करत सुटला. टॉमचे तिन्ही बंद झाले आणि आवाज चक्क भरला. "मामा, हे उलटंच होऊलंय की!"

उलटं काही नव्हतं. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर, फुटाहून थोडं जास्त. स्नेअरवर पडलेला एकच टोला सात माइकांनी सात वेगवेगळ्या वेळी ऐकला होता. टॉमचा माइक टॉमकडे तोंड करून असला म्हणून स्नेअर त्याला ऐकू येत नाही थोडाच! आता स्नेअरचा भरीवपणा असतो साधारण २०० हर्ट्झच्या आसपास. त्या लहरीची लांबी सुमारे १७२ सेंटिमीटर. दोन माइकांच्या अंतरात याच्या निम्मा, म्हणजे ८६ सेंटिमीटरांचा फरक पडला, की हवेचा दाब एका माइकचा पडदा आत ढकलत असताना दुसऱ्याचा पडदा बाहेर ओढला जात असतो. दोन्ही सिग्नल मिसळले की नेमका तोच सूर एकमेकांना खाऊन टाकतो. एका माइकला आवाज कमी, दुसऱ्याला जास्त, म्हणून तो अगदी शून्य होत नाही. पण पोकळ व्हायला तेवढं पुरतं. आणि असे खड्डे एकाच ठिकाणी नाही, तर २००, ६००, १००० अशा वारंवारितांवर ओळीनं पडतात.

यावरचा उपाय शेजारच्या मागावर फुकट मिळाला. कांडीवरचा (मागात सूत गुंडाळायची नळी) सुताचा धागा मागून आणला, एक टोक स्नेअरच्या मध्यावर चिकटपट्टीनं लावलं, १०० सेंटिमीटरवर गाठ मारली. एक माइक स्नेअरच्या वर, दुसरा उजवीकडे फ्लोअर टॉमच्या (पायांवर उभा असलेला मोठा टॉम) पलीकडे, आणि दोघांची तोंडं त्या गाठीला टेकलेली. अंतर सारखं, म्हणजे स्नेअर दोघांकडे एकाच क्षणी पोचणार. साठच्या दशकाच्या शेवटी ग्लिन जॉन्स या इंग्रज ध्वनिमुद्रकानं रूढ केलेली ही मांडणी: वरचे हे दोन, एक किकला, एक स्नेअरला, बस्स. किकचं अंतर मोजायची गरज नाही. ६० हर्ट्झची लहर पावणेसहा मीटर लांब असते, तिथं वीतभर इकडेतिकडे कोण विचारतो?

माइक घ्यायचाच तर कुठला? इथं ड्रम वाजवणाऱ्याचं नशीब बरं. माइक महागतो तो बऱ्याचदा स्वतःची खरखर कमी असण्यासाठी, म्हणजे कुजबुजसुद्धा स्वच्छ टिपता यावी म्हणून. स्नेअरच्या तोंडाशी १२० डेसिबलच्या वर जाणाऱ्या आवाजात ती खरखर कुणाला ऐकू येणार? तिथं साधा डायनॅमिक माइक पुरतो. पडद्याला चिकटलेलं तारेचं वेटोळं चुंबकाजवळ हलतं आणि वीज निर्माण होते, एवढीच त्याची रचना. धक्के खातो, पावसाळी ओल सोसतो. स्नेअरवर जगभर दिसणारा शुअर कंपनीचा एसएम५७ हा १९६५ सालचा. त्याच्या नकला बाजारात पोत्यानं मिळतात, तेव्हा किंमत फारच कमी दिसली तर घेऊ नये.

पैसे खर्चायचे ते वरच्या दोन माइकांवर, असं माझं मत. सिम्बलची चमक टिपायला हलका पडदा लागतो, म्हणजे कंडेन्सर. यात पडदा आणि मागची पट्टी मिळून एक धारित्र (विद्युतभार साठवणारा कपॅसिटर) बनतं, पडदा हलला की धारकता बदलते. अमेरिकी संशोधक एडवर्ड वेंटे यांनी तो १९१६ मध्ये केला. कायमचा विद्युतभार धरून ठेवणारा, पातळ पडद्याचा स्वस्त इलेक्ट्रेट १९६२ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेच्या सेसलर आणि वेस्ट यांनी दिला, म्हणून आज पेन्सिलीएवढे कंडेन्सर परवडतात. त्यांना इंटरफेसमधून ४८ व्होल्ट द्यावे लागतात. खोक्यावर एकच आकडा बघायचा: कमाल किती डेसिबल सोसतो. १३० च्या वर हवा. आणि ऐकून बघता आलं तर किल्ल्यांचा जुडगा समोर वाजवावा. आवाज दातांत कळ यावी इतका टोकदार आला, तर सिम्बलही तसेच येणार.

किकसाठी आम्ही काहीच विकत घेतलं नाही. स्पीकर म्हणजे उलटा डायनॅमिक माइकच. बिघडलेल्या होम थिएटरमधला साडेसहा इंची वूफर काढला, त्याच्या दोन तारा माइकच्या केबलला जोडल्या (त्या चॅनेलचे ४८ व्होल्ट बंद ठेवून) आणि तो किकसमोर टांगला. कोन जड असल्यामुळे वरचे आवाज तो घेतच नाही, घेतो फक्त पोटात बसणारा धम्म. बीटरचा (किकवर आदळणारा दांडा) टकटकाट मात्र त्यात येत नाही. तो वरच्या माइकांतून मिळाला, तेवढ्यावर भागवलं.

मोठी अडचण खोलीचीच होती. माळ्याची उंची आठ फूट, वरचा माइक छताखाली दोन फुटांवर. ड्रमचा आवाज माइकला ओलांडून छतावर आपटून परत येतो तेव्हा सुमारे चार फूट जास्त चाललेला असतो, म्हणजे साडेतीन मिलिसेकंद उशीर, म्हणजे पुन्हा तेच खड्डे. आईच्या जुन्या वाकळा छताला खिळवल्या. त्या बास (खालचे आवाज) अडवत नाहीत, पण सिम्बलचा चरचराट चांगलाच गिळतात. स्टँडखाली घोंगड्याच्या घड्या घातल्या, कारण लाईट मध्येच आली तर मागाची थरथर फरशीतून वर चढते. कार्डिऑइड माइक पाठीमागचं कमी ऐकतो, म्हणून किक सोडून बाकीच्यांच्या पाठी शक्य तेवढ्या मागाच्या भिंतीकडे वळवल्या.

एक गोष्ट मात्र माइकनं सुटत नाही. गोल कातड्याचे वरचे सूर मूळ सुराच्या १.५९, २.१४ पट अशा आडनिड्या गुणोत्तरांत येतात, म्हणून टॉमला तबल्यासारखा स्वच्छ सूर नसतो. तबल्याची शाई ती गुणोत्तरं सुरात आणते, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच दाखवलं होतं. टॉमला शाई नाही, तेव्हा चावी घेऊन कातडं नीट ओढण्यात अर्धा तास घालवणं सगळ्यात स्वस्त पडतं. भाच्यानं हे पहिल्या दिवशी ऐकलं नाही.

संचातले टॉमचे तीन माइक गल्लीतल्या भजनी मंडळाला दिले. आता मृदंगाला एक, पेटीला एक. तिसरा टाळकऱ्यांनी परत पाठवला, त्यांना तो लागत नाही.