सर्ज (शब्द)

सर्ज म्हणजे एकदम उसळून वर येणं, पण नुसती वाढ नाही, मागून कोणीतरी रेटल्यासारखं लोटत येणं. मूळ लॅटिन 'सुर्गेरे', म्हणजे उठणं. सोर्स, इन्सर्जंट (बंडखोर) हे त्याच घरातले. ऑपरेशन करणारा सर्जन मात्र नाही, तो ग्रीकमधल्या 'हाताचं काम' वरून आलाय, आणि जुन्या कोटांचं सर्जचं कापड तर तिसरंच, ते रेशमाच्या नावावरून.

इंग्रजीत शब्द आधी पाण्यासाठी रुळला आणि आजही सगळ्यात भयानक अर्थ पाण्याचाच आहे, स्टॉर्म सर्ज. चक्रीवादळाचा वारा समुद्र किनाऱ्याकडे ढकलतो, शिवाय वादळाच्या पोटात हवेचा दाब कमी असतो म्हणून पाणी थोडं फुगतं (1 हेक्टोपास्कल दाब उतरला की साधारण 1 सेंटीमीटर), पण खरं काम वाऱ्याचं, आणि किनारा उथळ असला की पाणी सरळ गावात घुसतं. 1970 च्या भोला चक्रीवादळात आजच्या बांगलादेशात 3 लाखांच्या आसपास किंवा त्याहून जास्त माणसं गेली ती मुख्यतः यानेच. मराठीत याला उधाण म्हणायचा मोह होतो, पण कोकणातलं उधाण अमावस्या-पौर्णिमेचं, तारीख बघून येणारं, सर्जला तिथी नसते. दोन्ही एकदम आले तर मात्र संपलंच. 2013 मध्ये हैयान वादळाच्या वेळी फिलिपिन्समधल्या टॅक्लोबानला स्टॉर्म सर्जचा इशारा दिलेला होता, पण बऱ्याच जणांना तो शब्दच कळला नाही, नंतर लोक म्हणाले की त्सुनामी म्हटलं असतं तर पळालो असतो. देशभरात 6000 हून जास्त मेले.

विजेत सर्ज म्हणजे 230 व्होल्टची लाइन क्षणभर खूप वर जाणं, वीज पडली किंवा मोठी मोटर बंद झाली की होतं. दुकानात स्पाइक गार्ड मागतो ना, त्यातला छोटा पार्ट हा दणका स्वतःवर घेतो आणि दर दणक्याला थोडा थोडा झिजतो, म्हणून दहा वर्षं जुन्या स्पाइक गार्डवर फार विसंबू नये.

कोयनेच्या वीज प्रकल्पात सर्ज वेल आहे, म्हणजे विहीरच म्हणा. टर्बाइन अचानक बंद केलं तरी बोगद्यातलं पाणी थोडंच लगेच थांबतंय, ते या विहिरीत वर चढतं नाहीतर पाइप फुटतील.

2007 मध्ये अमेरिकेचा अध्यक्ष बुशने इराकमध्ये 20 हजारांवर जादा सैन्य पाठवलं त्यालाही 'द सर्ज' हेच नाव पडलं. कोविडच्या बातम्यांत इंग्रजी पेपर सर्ज लिहायचे, आपण लाट म्हणायचो.

आता बहुतेकांना शब्द माहीत आहे तो कॅबमुळे. गिऱ्हाईक जास्त, गाड्या कमी, की भाडं चढतं. केंद्राच्या 2020 च्या नियमात मर्यादा मूळ भाड्याच्या दीडपट होती, 2025 मध्ये दुप्पट केली. पावसात मुंबईत 'सर्ज लागलाय' असंच बोलतात, इथे उधाण कोणी म्हणत नाही.