ट्रक कॅम्पर : खडबडीत रस्त्यांवर सांगाड्याचे रक्षण

पिकअप ट्रकच्या हौद्यात ठेवून कोपऱ्यांना आवळून बसवायची राहती खोली म्हणजे ट्रक कॅम्पर. तिचा पुढचा भाग ड्रायव्हरच्या केबिनवर छज्जासारखा येतो आणि बहुधा तिथेच झोपायची जागा असते. महाराष्ट्रात ‘कॅम्पर’ म्हटले की महिंद्राची बोलेरो कॅम्पर ही पाच आसनी पिकअप डोळ्यांपुढे येते, ती वेगळी. ट्रक कॅम्पर हे मुख्यतः अमेरिका आणि कॅनडातले वाहन. ऑस्ट्रेलियात त्याला ‘स्लाइड-ऑन’ म्हणतात.

ही खोली घेऊन लोक निघतात ते डांबर संपते त्यापुढच्या रस्त्यांवर. अलास्कातला डाल्टन हायवे 666 किमी लांबीचा आणि बराचसा खडीचा आहे. कॅलिफोर्नियाच्या डेथ व्हॅलीत उबेहेबी विवरापासून रेसट्रॅक नावाच्या कोरड्या तळ्यापर्यंत सुमारे 43 किमीचा कच्चा रस्ता जातो. टायर फाडणाऱ्या दगडांसाठी तो कुप्रसिद्ध आहे. अशा रस्त्यांवर कॅम्पर एखाद्या मोठ्या आदळण्याने मोडतो, असा सर्वसाधारण समज असतो. तसे क्वचित होते. त्याला खरा त्रास देतात दोन गोष्टी : सततचा बारीक हादरा आणि चासीचा पीळ.

बारीक हादरा येतो तो पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या वळ्या पडलेल्या रस्त्यावर. 2007 मध्ये ताबेर्ले, मॉरिस आणि मॅकएलवेन या भौतिकशास्त्रज्ञांनी प्रयोगाने दाखवले, की सैल वाळूवरून चाक ठराविक वेगापेक्षा जोरात फिरले की अशा वळ्या आपोआप उमटतात. वळ्या पाऊण मीटर अंतरावर धरल्या, तर रेसट्रॅकच्या एका फेरीत, नुसते जाताना, प्रत्येक चाकाला 57,000 हादरे बसतील. हळू गेल्याने ही संख्या कमी होत नाही, प्रत्येक हादऱ्याचा जोर मात्र उतरतो आणि सांगाडा वाचतो तो त्यामुळेच. वेग वाढवला की चाके वळ्यांच्या माथ्यांवरून तरंगत जातात, हा सल्ला हलक्या, रिकाम्या गाडीपुरता काहीसा खरा आहे. टनभर वजन पाठीवर असताना तो धोक्याचा ठरतो, कारण तरंगणाऱ्या चाकाची जमिनीवरची पकड सुटलेली असते.

म्हणून पहिला उपाय टायरमधल्या हवेचा. जड पिकअपच्या टायरमध्ये 80 पीएसआयपर्यंत हवा भरता येते. कच्च्या रस्त्यावर ती उतरवली की टायर स्वतः दबून हादरा पितो. किती उतरवायची हे भरलेल्या गाडीचे वजन आणि टायर कंपनीचा भार-तक्ता पाहूनच ठरवावे. हवा कमी असताना वेगही कमीच ठेवावा लागतो, नाहीतर टायर तापून फुटतो. डांबरावर परतताना हवा पुन्हा भरायची असल्याने कॉम्प्रेसर बरोबर असलाच पाहिजे.

पिळाचा मामला अधिक गुंतागुंतीचा आहे. उजवे पुढचे चाक खड्ड्यात आणि डावे पुढचे दगडावर गेले की पिकअपची शिडीसारखी चासी वळते. थोडे वळणे तिला मानवते. कॅम्परची पेटी मात्र ताठ असते, आणि तिचा ताठपणा जिथे तुटतो तिथेच तडे जातात : दाराच्या चौकटीचे कोपरे, खिडक्यांचे कोपरे आणि सगळ्यात आधी छज्जा जिथे भिंतीला मिळतो तो सांधा. प्रत्येक उसळीला छज्जा तरफेसारखा हा सांधा उचकटतो. त्यामुळे गादीखालच्या कप्प्यात डबाबंद अन्न आणि पुस्तके कोंबणे ही सर्वांत वाईट सवय. जड सामान खाली आणि मागच्या आसाच्या पुढे हवे. शंभर लिटरची पाण्याची टाकी म्हणजे शंभर किलो. ती अर्धी भरलेली असली तर पाणी हेलकावते आणि धक्का वाढवते. अमेरिकेत ट्रक बनवणाऱ्याने कॅम्परचा गुरुत्वमध्य हौद्यात कुठून कुठपर्यंत चालेल, हे गाडीच्या कागदपत्रांत सांगणे बंधनकारक आहे. कॅम्पर विकत घेण्यापूर्वी ते वाचणारे थोडे, ही खेदाची गोष्ट.

जर्मन उनिमॉगसारख्या ट्रकवर पेटी तीन बिंदूंवर बसवतात, म्हणजे चासी खाली वळत राहते आणि पीळ पेटीपर्यंत पोचत नाही. साध्या पिकअपच्या हौद्यात ही सोय नसते. तिथे स्प्रिंग असलेले टर्नबकल, म्हणजे पेटीचे आकडे गाडीच्या आकड्यांशी जोडून फिरवून आवळायचे दुवे, वापरतात. ते ताण धरूनही थोडे देतात. ते सैल राहिले तर पेटी हौद्यात आपटत राहते. अतिरेकी आवळले तर पेटीचे आकडे भिंतीतून उपसून निघतात. वजनदार कॅम्परसाठी गाडीकडचे आकडे थेट चासीला जोडलेले चांगले. हलका, छत वर उचलायचा कॅम्पर हौद्याच्या पत्र्याला बोल्टने अडकवता येतो, पण पत्र्याखाली जाड पट्टी लावल्याशिवाय नको, नाहीतर पत्रा फाटतो. तळाशी रबरी चटई घातली की पेटी सरकत नाही. निघाल्यावर पहिल्या थांब्यालाच टर्नबकल हाताने तपासावेत.

मागचे पाटे बसले म्हणून आस आणि चासी यांच्यामध्ये एअरबॅग, म्हणजे हवा भरलेली रबरी पिशवी, लावण्याची चाल आहे. ती जपून वापरावी. पाटे भार दोन टोकांना वाटतात, एअरबॅग तो चासीच्या एकाच जागी टेकवते. ऑस्ट्रेलियात मागे जादा वजन असलेल्या डबल कॅब गाड्यांची चासी अशा ठिकाणी वाकल्याची उदाहरणे आहेत. वजन मर्यादेबाहेर असेल तर ते उतरवावे. एअरबॅगने गाडी उंच दिसते, तिची क्षमता वाढत नाही.

पेटी कशाची आहे, यावरही बरेच अवलंबून. लाकडी सांगाडा लवचिक असतो, पण त्याचे स्टेपल आणि स्क्रू हळूहळू ढिले होतात. ॲल्युमिनियम हलके आणि न कुजणारे. त्याला मात्र वारंवार येणाऱ्या ताणाने वेल्डिंगपाशी तडे जातात. कॅनडातल्या बिगफूट आणि नॉर्दर्न लाइट या कंपन्या फायबरग्लासचे दोन अर्धे शिंपल्यासारखे जोडतात. छताला सांधे जवळपास नसल्याने खडतर वाटांसाठी हा प्रकार सर्वांत निर्धोक वाटतो. पेटी हौद्यातून उचलायचे कोपऱ्यांवरचे जॅक भिंतीला टांगलेले असतात आणि हादऱ्यात त्यांचे ब्रॅकेट भिंत सोडतात. लांबच्या कच्च्या प्रवासाआधी ते काढून घरी ठेवावेत.

आणि शेवटचे काम पाण्याचे. केसाएवढी फट पडली की पाऊस आत शिरतो, लाकूड कुजते, बाहेरचा पत्रा फुगतो, आणि पुढच्या सहलीत तोच कोपरा पिळाला आधी शरण जातो. लाकडी कॅम्परची आयुष्ये बहुतेक अशीच संपतात. म्हणून प्रत्येक कच्च्या प्रवासानंतर छताच्या कडा, खिडक्यांच्या चौकटी आणि छज्जाची खालची बाजू बोटाने चाचपावी. सुटलेली जुनी पट्टी खरवडून ब्युटिल टेप, म्हणजे फटी बुजवणारी चिकट रबरी पट्टी, नव्याने लावावा. नुसता वरून सिलिकॉन फासू नये. तो निघाला की खाली दुसरे काही नीट चिकटत नाही.