डिशचं तोंड आणि परवान्याची अट: मराठवाड्यातल्या ख्रिस्ती वाहिन्यांची पार्श्वभूमी

मोफत उपग्रह सेवेवर ख्रिस्ती वाहिनी बघायची तर मराठवाड्यातल्या घराला आधी डिशचं तोंड कुठं करायचं ते ठरवावं लागतं. दूरदर्शनच्या फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. लातूर-परभणीच्या गच्चीवरून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण साठ अंश वर सापडतो आणि त्याला दोन फुटांची पत्र्याची डिश पुरते. तमिळ, तेलुगू, मल्याळम ख्रिस्ती वाहिन्यांची गर्दी मात्र सी बँडवर, म्हणजे मोठ्या छत्रीनं पकडायच्या लहरींच्या पट्ट्यावर आहे, त्यातल्या बऱ्याच ६६ अंशांवर. तो उपग्रह दक्षिणेकडून जरा पश्चिमेला सरकलेला आहे आणि त्यासाठी सहा ते आठ फुटांची जाळीची छत्री लागते. घराच्या दक्षिणेला शेजाऱ्याचा कडुनिंब वाढला असेल तर तो बेतही तिथंच संपतो. दोन्हीकडचं हवं असेल तर दोन डिश, दोन एलएनबी (डिशसमोर बसणारं सिग्नल पकडायचं यंत्र) आणि मध्ये एक स्विच. एवढा खटाटोप सहसा एखाद्या प्रार्थनास्थळात किंवा पाळकांच्या घरी दिसतो.

त्यामुळे कोण काय बघतं हे बरंचसं भूगोलावर ठरत आलं. तेलंगणाच्या सीमेवरच्या देगलूर, बिलोली, धर्माबादकडे तेलुगू घरात नाही तर निदान बाजारात तरी कानावर पडतेच. तिथं मोठी छत्री लावून तेलुगू संदेश ऐकणारी कुटुंबं आहेत. जालना आणि छत्रपती संभाजीनगरची जुनी ख्रिस्ती कुटुंबं एकोणिसाव्या शतकातल्या मिशनच्या कामातून आलेली. त्यांची उपासना मराठीत, गीतं मराठीत आणि ओढ अहिल्यानगर-पुण्याकडे. त्यांना तेलुगू वाहिनीचा उपयोग शून्य. त्यांनी हिंदीवर भागवलं. कॅथलिक घराला मिस्सा आणि जपमाळ हवी असते, प्रोटेस्टंट घराला संदेश आणि गीतं, आणि चंगाईच्या, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरे करण्याच्या सभा बघणारा वर्ग निराळाच. एका मंडळीला, म्हणजे एका चर्चच्या लोकांना रुचणारी वाहिनी दुसऱ्या मंडळीचे पाळक उघड नापसंत करतात, हेही नवीन नाही. पैसे द्या म्हणजे आशीर्वाद मिळेल, या छापाच्या शिकवणीवर इथल्या जुन्या मंडळ्यांचा राग आहे आणि तो अनाठायी म्हणता येत नाही.

उपग्रहाच्या आधी रेडिओ होता. निजामाच्या राजवटीतलं औरंगाबादचं केंद्र १९५० मध्ये आकाशवाणीकडे आलं, पण धर्मप्रसाराला तिथं वाव नव्हता. पैसे भरून वेळ विकत घेता येईल अशी जागा होती ती रेडिओ सिलोनवर. हिंदी गाण्यांसाठी लावलेल्या त्याच स्टेशनवर परदेशी संस्थांचे ख्रिस्ती कार्यक्रमही लागत. पुढं ख्रिस्ती प्रक्षेपणासाठीच्या केंद्रांचा जमाना आला. सेशेल्स बेटांवरचं ख्रिस्ती प्रक्षेपण केंद्र १९७० पासून २००३ पर्यंत चालू होतं. मनिलाचं कॅथलिक केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं आणि त्याचं शॉर्टवेव्ह प्रक्षेपण २०१८ मध्ये थांबलं. श्रीलंकेतल्या पुत्तलमचा ८८२ किलोहर्ट्झचा जबर ताकदीचा मीडियम वेव्ह ट्रान्समीटर १९७८ पासून दक्षिण भारताकडे रोखलेला. पुण्यातल्या स्टुडिओत तयार झालेले मराठी कार्यक्रम पॅसिफिकमधल्या गुआम बेटावरून परत महाराष्ट्राकडे फेकले जात. पुण्याचा आवाज जालन्यात पोचायला गुआमला जाऊन यायचा. हा वळसा नुसता गमतीचा नाही, त्यामागं धोरण होतं, आणि मराठवाड्यात मराठी ख्रिस्ती वाहिनी का सापडत नाही याचं उत्तर त्या धोरणातच आहे.

फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं क्रिकेट प्रक्षेपणाच्या खटल्यात सांगितलं की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही. मग प्रश्न आला, ही मालमत्ता कुणाच्या हाती द्यायची. १९९७ च्या प्रसारण विधेयकात धार्मिक संस्थांना अपात्र ठरवलं होतं. विधेयक बारगळलं, अपात्रतेची कल्पना मात्र टिकली. खासगी एफएमच्या धोरणात ती बसली आणि २०११ च्या तिसऱ्या टप्प्यातही कायम राहिली: धार्मिक संस्थेच्या नियंत्रणाखाली असलेली किंवा तिच्याशी संबंधित असलेली कंपनी एफएमचा परवाना मागू शकत नाही.

उपग्रह वाहिनीला ही अट नाही. तिथं कंपनी लागते आणि बातम्या नसलेल्या पहिल्या वाहिनीसाठी पाच कोटी रुपयांचं निव्वळ मूल्य दाखवावं लागतं. कंपनीचे संचालक कुठल्या धर्मसंस्थेतून आले, हे परवान्याच्या आड येत नाही. म्हणून देशातल्या भक्तिवाहिन्या, ख्रिस्ती धरून, कागदोपत्री कंपन्या आहेत. प्रसारणाचा नियामक असलेल्या ट्रायला ही विसंगती दिसली नाही असं नाही. २००८ मध्ये त्यानं शिफारस केली की धार्मिक संस्थांना टीव्हीतही येऊ देऊ नये, जे आधीच आत आहेत त्यांना बाहेर पडायला मुदत द्यावी. २०१२ मध्ये तेच पुन्हा सांगितलं. २०१४ मध्ये माध्यमांच्या मालकीवरच्या शिफारशींत पुन्हा. सरकारनं शिफारस अमलातही आणली नाही आणि एफएमवरची बंदीही उठवली नाही. दोन्ही तशाच पडून राहिल्या.

बंदीच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. एका शहरात एफएमच्या जागा चार-पाच. त्यातली एक एका धर्माला दिली तर दुसरा मागणार, आणि वातावरण तापलेल्या गावात रेडिओ हे घातक हत्यार ठरू शकतं. अट सगळ्या धर्मांना सारखीच आहे, हेही खरं. पण सारखी अट सारखी लागू पडते का? सकाळी सहाला कुठलंही स्टेशन लावा, अभंग, आरत्या, भूपाळ्या चालू असतात. कुणी त्यांना धार्मिक प्रसारण म्हणत नाही, म्हणायचं कारणही नाही, ते इथल्या सकाळचा भाग आहे. आकाशवाणीच्या भक्तिगीतांत एखादं ख्रिस्ती गीतही येऊन जातं. ज्या समाजाची गीतं अशी आपोआप लागत नाहीत, त्याला स्वतःचं केंद्र हवं असतं, आणि ते काढायला बंदी आहे. शिवाय ‘संबंधित’ कुणाला म्हणायचं, याची रेघ आखणं सोपं नाही. मंडळीच्या विश्वस्ताची कंपनी संबंधित का, त्याच्या भावाची का?

परिणाम उलटा झाला. एफएम हे स्वस्त आणि स्थानिक माध्यम, एका जिल्ह्यापुरतं, जिल्ह्याच्या बोलीत. ते बंद. उपग्रह हे महागडं आणि देशभरचं माध्यम, ते खुलं. देशभरचं म्हणजे हिंदीत, नाहीतर जिथं ख्रिस्ती लोकसंख्या आणि देणगीदार दोन्ही आहेत अशा दाक्षिणात्य भाषांत. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार ख्रिस्ती एक टक्क्याच्या आत, आणि त्यातही मोठा वाटा मुंबई-वसई-पुण्याचा. मराठवाड्यातल्या मराठी ख्रिस्ती श्रोत्याला परवडलं असतं असं एकच माध्यम होतं, आणि नेमकं तेच त्याला नाकारलं गेलं. फ्री डिशवरही आकाशवाणीची चाळीसच्या वर केंद्रं ऐकू येतात, पण मराठी ख्रिस्ती रेडिओ शोधणाऱ्याला त्या यादीतून काही मिळत नाही.

फ्री डिशची स्वतःची गोष्ट थोडक्यात. डिसेंबर २००४ मध्ये सेवा ३३ वाहिन्यांवर सुरू झाली, तेव्हा ती ९५ अंशांवरच्या परदेशी उपग्रहावर होती. २००७ च्या सुमारास इन्सॅट-४बी वर आली आणि डिश दीड अंश हलवाव्या लागल्या. २०१० मध्ये त्या उपग्रहाची वीज अर्धवट गेली. नोव्हेंबर २०१५ मध्ये जीसॅट-१५ उडाला, आणि त्यानंतर सेवा त्यावर गेली. वर्गणी नाही, रिचार्ज नाही, बॉक्सचे पैसे एकदाच. दुष्काळी पट्ट्यात आणि ऊसतोडीला घर बंद ठेवून जाणाऱ्यांत ती पसरली यात नवल नाही. कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीत सहा महिने राहणाऱ्यानं गावातल्या घरासाठी महिन्याचं रिचार्ज का भरावं?

मोफत मात्र ती बघणाऱ्यासाठी. वाहिनीला जागा लिलावात घ्यावी लागते. २०११ पासून ई-लिलाव आले, २०१७ मध्ये ते थांबवले गेले आणि २०१९ च्या सुरुवातीला नव्या धोरणानं परत सुरू झाले. या धोरणात वाहिन्यांचे गट पाडले: हिंदी मनोरंजन सगळ्यात वर, मग चित्रपट, मग संगीत आणि क्रीडा, मग बातम्या, आणि भक्तिवाहिन्या तळाच्या गटात, ‘उरलेले सगळे’ यांच्यासोबत. तळाच्या गटाची मूळ बोलीही कोटींत आहे. २०२० नंतर मराठी मनोरंजन वाहिन्यांनी इथं जागा घ्यायला सुरुवात केली, कारण त्यांना जाहिराती मिळतात. ख्रिस्ती वाहिनी चालते देणगीवर, पडद्याच्या खालच्या पट्टीत खाते क्रमांक नाहीतर क्यूआर कोड फिरत असतो. दर वर्षी कोटींची बोली लावायची आणि पुढच्या वर्षी जागा राहील की नाही याची खात्री नाही, हे गणित मराठीत सुटत नाही. मराठी भाषेतल्या अल्पसंख्य भक्तिवाहिनीसाठी एखादी राखीव जागा ठेवता आली असती. सार्वजनिक प्रसारकाकडून एवढी अपेक्षा गैर नाही.

पैसे भरून घेतलेल्या डीटीएचवर तरी बरं असेल, असं वाटेल. १ फेब्रुवारी २०१९ पासून ग्राहकानं आपापल्या वाहिन्या निवडाव्यात असा नियम आला. १३० रुपये अधिक कर, म्हणजे १५३ रुपयांत शंभर मोफत वाहिन्या, त्यांत दूरदर्शनच्या २५ सक्तीच्या. पुढच्या वर्षी शंभराच्या दोनशे झाल्या. त्या फेब्रुवारीत केबलवाल्याच्या दुकानात लोक पाठकोऱ्या कागदावर नंबर लिहून उभे होते, आणि ख्रिस्ती घरांनीही आपले नंबर लिहून दिले. ख्रिस्ती वाहिनी मोफत गटातली, जादा रुपया लागत नव्हता. पण ती त्या कंपनीच्या यादीत असायला हवी ना.

यादीत येण्यासाठी वाहिनीनं कंपनीला वहन शुल्क द्यायचं. साध्या वाहिनीला ग्राहकामागं महिन्याला जास्तीत जास्त २० पैसे, असा तेव्हाचा दर. वाहिनी निवडणारे वीस टक्क्यांच्या वर गेले की शुल्क माफ, आणि पाच टक्क्यांच्या खाली असले तर पुरा दर. हेतू स्वच्छ आहे: लोकप्रिय वाहिनीला अडवून पैसे उकळू नयेत. पण राज्यात एक टक्क्याच्या आत असलेल्या समाजाची वाहिनी त्यातल्या झाडून सगळ्या घरांनी निवडली तरी पाच टक्क्यांची पायरी चढू शकत नाही. एक कोटी ग्राहकांच्या कंपनीकडे २०१९ मध्ये महिन्याला वीस लाखांपर्यंत मोजावे लागले असते; २०२० च्या दुरुस्तीनं त्यावर वाहिनीमागं महिन्याला चार लाखांची कमाल मर्यादा घातली. जिचे प्रेक्षक सगळ्यांत कमी, तिच्यावर दर सगळ्यांत चढा. २०१९ मध्ये निवडीचा हक्क मिळाला म्हणून जो गाजावाजा झाला, त्यात याची चर्चा फारशी झालीच नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. ५ एप्रिलचा झावळ्यांचा रविवार आणि १२ एप्रिलचा ईस्टर लोकांनी घरात बसून पाळला. कॅथलिक घरांनी वाहिनीवरची हिंदी किंवा इंग्रजी मिस्सा लावली. मराठी मंडळ्यांचे पाळक मोबाइल स्टँडवर लावून यूट्यूबवर आले, आवाज घुमत होता, मध्येच नेट जात होतं, पण उपासना मराठीत होती. २०१६ नंतर डेटा स्वस्त झालाच होता, ही सवय टाळेबंदीनंतरही सुटली नाही. हिंगोली किंवा बीडच्या एखाद्या छोट्या मंडळीचा रविवारचा संदेश आता तिच्याच वाहिनीवर असतो. परवाना लागत नाही, लिलाव नाही, वहन शुल्क नाही. घरातल्या वयस्कर माणसाला मात्र रिमोटचा नंबर पाठ असतो, यूट्यूबवर शोधून लावून द्यायला नातू जवळ असावा लागतो.

जाळीच्या छत्र्यांवर संकट आलं ते निराळ्या दिशेनं. ऑक्टोबर २०२२ मध्ये ५जी सुरू झालं आणि त्यासाठी ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झचा पट्टा दिला गेला. सी बँडचा खालचा भाग तोच. टीव्हीला ३७०० च्या वर सरकवलं, पण जुना एलएनबी खालचंही सगळं ओढून घेतो. टॉवर जवळ असला की सिग्नलची पट्टी भरलेली दिसते, चित्र मात्र चौकोन चौकोन होऊन अडकतं. बसवणारे आधी केबल बदलतात, मग एलएनबी, आणि शेवटी फिल्टर लावायला सांगतात. तो फिल्टर घ्यायचा, की छत्री भंगारवाल्याला देऊन त्या पैशांत मोबाइलचं रिचार्ज मारायचं, हा हिशेब सीमेकडच्या तालुक्यांत चालू आहे. तेलुगू वाहिन्याही यूट्यूबवर आहेतच, त्यामुळे भंगाराचं पारडं जड होत चाललं आहे.