रेवाल म्हणजे नक्की कुठली चाल? थोडी पार्श्वभूमी

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात तासाभरात दहा वेळा कानावर पडणारा शब्द म्हणजे रेवाल. "एकदम रेवाल आहे भाऊ, पाण्याचा ग्लास हातात घेऊन बसा, थेंब सांडणार नाही." आणि असं सांगून दाखवलेले चार घोडे चार तऱ्हेने चालतात.

शब्द मूळचा फारसीतला, रहवार, म्हणजे वाटेत आरामात नेणारा घोडा. आपल्याकडे रहवाल, रवाल असंही म्हणतात. म्हणजे पाय कुठल्या क्रमाने पडतात ते या शब्दात मुळात नव्हतंच, बसणाऱ्याच्या कंबरेला काय जाणवतं तेवढंच होतं. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

दुडकीत डावा पुढचा आणि उजवा मागचा असे तिरपे पाय जोडीने पडतात, दोन ठोके, आणि मधे घोडा क्षणभर हवेत, म्हणून आपण आदळतो. खऱ्या रेवालीत एका बाजूचा आधी मागचा मग पुढचा, मग दुसऱ्या बाजूचे तसेच, चारही ठोके वेगळे, आणि एखादा तरी पाय कायम जमिनीवर, त्यामुळे पाठ उसळत नाही. पण एका बाजूचे दोन्ही पाय एकदमच पडायला लागले की परत दोनच ठोके, आणि घोडा डावी-उजवीकडे डुलतो. बाजारात यालाही रेवालच म्हणतात! माझ्या मते हे चूक आहे, पण ज्यांचे आजोबा घोडे पाळायचे तेही दोन्हीला एकच नाव देतात, मग चूक तरी कोणाची म्हणायची.

दुसरा वाद, चाल रक्तातली की शिकवलेली. मध्ययुगीन युरोपात एका बाजूचे दोन पाय दोरीने जोडून ही चाल शिकवायचे, म्हणजे तेव्हाही सगळे घोडे जन्मतःच तसे चालत नव्हते. २०१२ मध्ये आइसलँडच्या घोड्यांवरच्या संशोधनातून डीएमआरटी३ नावाच्या जनुकातला एकच बदल या चालींशी जोडलेला सापडला, आणि २०१६ मध्ये जुन्या हाडांमध्ये तो शोधला तर इंग्लंडातल्या यॉर्कच्या नवव्या शतकातल्या घोड्यांत आणि त्याच सुमारापासूनच्या आइसलँडच्या घोड्यांत निघाला. तेव्हापासून एक टेस्ट केली की काम झालं असं बरेच जण म्हणतात. पण घोडा ती चाल स्वच्छ चालेल का, हे शिक्षण, वजन आणि स्वारावरही असतंच की.

मारवाडी घोडा रेवालीसाठी ओळखला जातो तो लांब रपेटीमुळे, वाळूतून दिवसभर जायचं तर दुडकीने माणूस मोडेल. आपल्या भीमथडीच्या तट्टांबद्दल शाळेपासून ऐकलेलंच आहे, ते सांगत बसत नाही. इंग्रजांच्या पलटणीत मात्र दुडकीची कवायत, वर ऑस्ट्रेलियातून वेलर घोडे आणलेले, तिथे रेवालीला कोण विचारतो. पुढे रस्ते आणि मोटारी आल्या, संस्थानं गेली, १९५२ च्या कायद्याने राजस्थानात जहागिऱ्या गेल्या, आणि दिवसभर खोगिरावर बसायची गरज असलेला माणूसच उरला नाही. घोडा उरला वरातीला आणि शोला.

आणि इथे निवडीचे निकषच बदलले. कानांची टोकं एकमेकांना टेकतात का, उंची किती, नुकरा म्हणजे पांढराशुभ्र आहे का, अंगावरच्या केसांच्या भोवऱ्या शुभ की अशुभ, हे सगळं फोटोत दिसतं. चाल फोटोत दिसत नाही, रीलमध्ये दिसते पण वर गाणं टाकलेलं असतं म्हणजे ठोके गायब. नाचकाम शिकवलेल्या घोड्याला गिऱ्हाईक पटकन मिळतं, मग रेवालीवर मेहनत कोण घेणार. मारवाडीच्या निर्यातबंदीवर मात्र हिरीरीने भांडतात, २००० ते २००६ मध्ये थोडे घोडे बाहेर गेले त्याचा हिशोब अजून काढतात. भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली तीही अगदी अलीकडे.

मागे एका व्यापाऱ्याने मला रेवाल म्हणून घोडी दाखवली, नदीकाठच्या मऊ मातीत, झकास वाटली. म्हटलं जरा डांबरी रस्त्यावर आणा. कान देऊन ऐकलं तर टप-टप, दोनच. तो म्हणाला, "बसून तर बघा." बसलो, आणि त्याचं खोटं नव्हतं, अजिबात उसळत नव्हती, फक्त होडीसारखी डुलत होती.